वॉटर पार्क वाढणार म्हणे! पण एप्रिल-मे महिन्यात पाणी कुणाच्या विहिरीतलं? जाणून घ्या सविस्तर

कर्जत-खालापूर पट्ट्यात गेल्या वीसेक वर्षांत फार्महाऊस आले, रिसॉर्ट आले, वॉटर पार्कही आले. आता नवे येण्यापेक्षा जुने वाढतात. पार्कनं शेजारची चार-पाच एकर जमीन घेतली, कुंपण पुढं सरकलं, जेसीबी लागला, की गावात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं पोरांना काम मिळेल, कुणी म्हणतं विहीर आटेल. चावडीवर दोन गट पडतात आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर शिव्याशाप. पण नेमकं विचारायचं काय, कुणाला आणि कधी, हे बऱ्याचदा कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून ही माहिती.

सुरुवातीलाच एक गोष्ट. वॉटर पार्कचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही. शाळांना सुट्टी लागली आणि ऊन तापलं की गर्दी, म्हणजे एप्रिल आणि मे. आणि आपल्या डोंगराकडच्या वाड्यांना टँकर कधी लागतो? त्याच दोन महिन्यांत. पार्कचा हंगाम आणि टंचाईचा हंगाम एकच आहे, आणि खरी अडचण इथंच आहे. पार्कवाले सांगतात की आम्ही वर्षाला इतकंच पाणी वापरतो. तो आकडा खराही असेल. पण वर्षाच्या सरासरीनं वाडीतल्या बाईचा हंडा भरत नाही. तिला मे महिन्यातला आकडा हवा.

तीन हजार मिलिमीटर पाऊस, तरी टँकर?

बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माथेरानच्या डोंगरावर त्याहून जास्त. तरी मार्च संपता संपता वाड्यावस्त्यांवर नदीच्या पात्रात डवरे खणून वाटी-वाटीनं पाणी भरावं लागतं.

कारण जमिनीखाली आहे. आपल्याकडे खाली काळा कातळ. वरची माती आणि मुरूम पातळ, उतार मोठा. पाऊस चार महिन्यांत पडतो आणि ओढ्यांनी सरळ खाडीला जातो. जे थोडं मुरतं ते मुरमात आणि कातळाच्या भेगांमध्ये बसतं. देशावरच्या एखाद्या गाळाच्या नदीकाठी जसा वाळूचा जाड थर पाणी धरून ठेवतो, तसं इथं नाही. इथल्या साठ्याला बुड नाही म्हणा ना. डिसेंबरनंतर ओढे आटतात, मग विहिरीची पातळी उतरायला लागते.

आता या भेगा एकमेकींना जोडलेल्या असतात. वर उथळ विहीर आणि शेजारी खोल बोअर असेल तर बोअर वेगळं पाणी ओढतंय असं वाटतं, पण बऱ्याच ठिकाणी तो वरचंच पाणी खाली खेचत असतो. दोन शेतकऱ्यांची भांडणं यावरूनच होतात हे आपल्याला नवीन नाही. मात्र प्रत्येक वेळी असंच होतं असंही नाही. कुठली भेग कुठं जाते हे वरून दिसत नाही, ते मोजूनच कळतं. मोजायचं कसं ते पुढं सांगतो.

सगळ्या गावांची स्थितीही सारखी नाही. उल्हास आणि पाताळगंगा या नद्या उन्हाळ्यात वाहतात त्या टाटांच्या धरणांमुळे. वरच्या धरणांतलं पाणी भिवपुरी आणि खोपोलीला वीज तयार करून खाली नदीत येतं. भिवपुरीचं पाणी राजनाल्यातून शेताला मिळतं, म्हणून तिथं उन्हाळी भात होतो आणि कालव्याजवळच्या विहिरीही टिकतात. त्यामुळे पार्क कालव्याच्या, नदीच्या बाजूला आहे की डोंगराच्या कुशीत, यावर अर्धं उत्तर ठरतं. नदीतून पाणी उचलायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी आणि पाणीपट्टी लागते. डोंगराकडच्या गावात पार्क असेल तर सगळी भिस्त बोअरवर, विहिरीवर नाहीतर विकतच्या टँकरवर. आणि टँकर भरतो कुठं? तोही शेजारच्या गावातल्या कुणाच्या तरी विहिरीवरच.

हिशोब आपणच करून बघू

पार्कवाल्यांचं नेहमीचं म्हणणं, "आम्ही पाणी रोज बदलत नाही, गाळून तेच फिरवतो." हे खोटं नाही. चांगल्या पार्कमध्ये फिल्टर असतात, क्लोरीन टाकून तेच पाणी पुन्हा वापरतात. "रोज लाखो लिटर पाण्याची नासाडी" असे मेसेज फिरतात, त्यातले बरेच अंदाजपंचे असतात. ते पुढं पाठवून आपलीच बाजू लंगडी होते. त्यापेक्षा साधा हिशोब करा.

समजा विस्तारात एक एकर पाण्याचा पृष्ठभाग नव्यानं वाढणार आहे. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. सरासरी एक मीटर खोली धरली तर पहिल्यांदा भरायला ४० लाख लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरच्या टँकरच्या चारशे खेपा. हे एकदा भरायचं, मान्य. ते कधी भरणार? पावसाळा संपता संपता ओढ्याला पाणी असताना भरलं तर कुणाची तक्रार नसेल. मार्चमध्ये भरलं तर?

दुसरं, बाष्पीभवन. एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडालं की एक लिटर गेलं. आपल्याकडे हवा दमट असते, तरी उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर धरायला हरकत नाही. एका एकरावरून रोज २४ हजार लिटर नुसतं हवेत जातं. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरलेत. त्या हिशोबानं हे सुमारे ४४० माणसांचं पाणी झालं. दोनशे-सव्वादोनशे वस्तीच्या दोन वाड्या.

तिसरं, लोक. आलेला प्रत्येक माणूस अंघोळ करतो, संडासला जातो, जेवतो. माणशी फक्त ५० लिटर धरा आणि रविवारी दोन हजार माणसं धरा, एक लाख लिटर. हा आकडा मी धरलेला आहे, तुमच्याकडच्या पार्कचा वेगळा असेल, पण विचारायचा तो हाच. त्यावर घसरगुंड्यांवरून उडणारं, अंगाबरोबर बाहेर जाणारं, फिल्टर उलटं धुताना सोडावं लागणारं आणि हिरवळीला लागणारं पाणी वेगळं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एक एकर उन्हाळी भाताला याच्या कितीतरी पट पाणी लागतं, आणि उघड्या शेततळ्यातूनही बाष्पीभवन होतंच. तेव्हा "पार्क पाणी पितो आणि शेती पीत नाही" असं म्हणून चालणार नाही. फरक इतकाच की कालव्याच्या भाताला पाणी कालव्याचं असतं, आणि शेतातलं बरंच पाणी पुन्हा जमिनीत मुरतं. पार्कच्या टाक्यांना सिमेंट असतं.

सांडपाणी कुठं सोडणार?

पाणी येतं कुठून यावर सगळे बोलतात, जातं कुठं यावर फारसं कुणी बोलत नाही. दोन हजार माणसांचे संडास म्हणजे एका मोठ्या गावाचं सांडपाणी, तेही एका दिवसात. त्याला शोषखड्डा पुरत नाही. प्रक्रिया केंद्र लागतं, आणि ते नुसतं बांधून भागत नाही, चालू ठेवावं लागतं. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार सांडपाणी सोडायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. विस्तार केला तर जुनी संमती पुरत नाही, वाढीव वापराची संमती घ्यावी लागते. त्या संमतीपत्रात रोज किती पाणी वापरणार आणि किती सांडपाणी निघणार याचे आकडे असतात. पाण्याचा मूळ हिशोब हवा असेल तर हाच कागद मागा. पार्कच्या माणसानं तोंडी सांगितलेला आकडा आणि त्या कागदावरचा आकडा शेजारी ठेवून बघा.

क्लोरीनचं पाणी ओढ्यात सोडलं तर मासे आणि खेकडे मरतात. ज्यांच्या घरात ओढ्यातला खेकडाच कालवणाला असतो त्यांना हे सांगायला नको. टाक्या रिकाम्या करायच्या असतील तर क्लोरीन न टाकता काही दिवस पाणी उन्हात तसंच राहू द्यायचं आणि मगच सोडायचं, एवढी साधी अट घालता येते. खर्च काहीच नाही.

आवाज, रस्ता, डोंगर

आवाजाचा नियम स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. शाळा-दवाखान्याच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. डीजे सुरू असताना ११२ वर फोन करा, नुसतं दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहून उपयोग नाही.

रस्त्याचं दुखणं शनिवार-रविवारचं. गावातून जाणारा रस्ता एसटी आणि दुचाकीसाठी होता, त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि दवाखान्यात न्यायचा पेशंट अडकतो. पार्किंग पार्कच्या हद्दीतच पाहिजे, रस्त्याच्या कडेला नाही, ही अट बांधकाम परवानगीच्या वेळीच घालून घ्यायची असते.

डोंगरउताराचं मात्र हलक्यात घेऊ नका. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हापासून डोंगराला जेसीबी लागलेला दिसला की माणसाच्या पोटात गोळा येतो. पार्किंगसाठी, रस्त्यासाठी उतार कापला, ओढ्याचं तोंड वळवलं तर खाली राहणाऱ्यांनी विचारायलाच पाहिजे. माथेरानभोवतीचा मोठा भाग २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. आपला गट नंबर त्यात येतो का हे आधी तपासा. येत असेल तर बांधकाम, डोंगरउतार आणि भूजल यांवर जादा अटी आहेत.

पोरांचं काम, हाही प्रश्न खराच

विरोध करणाऱ्यांनी हे टाळू नये. दिवाळी झाली की वाड्यावरची कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा सुटते. पार्कमध्ये बारा-पंधरा जणांना जरी महिन्याचा पगार मिळाला तरी ती घरं गावात राहतात. जीवरक्षक, स्वयंपाकघर, तिकीट खिडकी, साफसफाई अशी कामं असतात. मात्र "स्थानिकांना प्राधान्य" हे दोन शब्द प्रत्येक अर्जात असतात. किती जणांना, कोणत्या कामावर, वर्षाचे किती महिने, आणि पीएफ भरणार का, हे विचारलं की उत्तर लांबतं. पावसाळ्यात पार्क मंदावल्यावर घरी बसवणार असतील तर ते आधी कळलेलं बरं.

कराचंही तसंच. तिकिटावरचा जीएसटी ग्रामपंचायतीच्या खात्यात येत नाही. ग्रामपंचायतीला मिळते ती मुख्यतः इमारतींवरची घरपट्टी. नवीन बांधकामाची नोंद कर आकारणी यादीत वेळेवर झाली नाही तर तीही बुडते. यादी ग्रामपंचायतीत पाहायला मिळते.

परवानगी देतं कोण?

इथं लोकांची सगळ्यात जास्त गफलत होते. अनेकांना वाटतं ग्रामसभेनं नाही म्हटलं की विषय संपला. तसं नाही. आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे पालघरमधल्या आदिवासी गावांना पेसा कायद्यानं मिळालेले ग्रामसभेचे जादा अधिकार आपल्याला नाहीत. गावठाणाबाहेरच्या बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत देत नाही. गाव नैनात असेल तर सिडको, नाहीतर ज्या नियोजन प्राधिकरणाची हद्द असेल ते किंवा जिल्हाधिकारी. हे गावागणिक बदलतं, म्हणून पहिला प्रश्न हाच की आपलं गाव कुणाच्या हद्दीत येतं. जमीन बिनशेती झाली का ते सातबारावर दिसतं, सातबारा मोबाइलवर निघतो.

दुसरी गफलत जनसुनावणीची. कारखान्याच्या वेळी होते तशी सुनावणी होईल म्हणून लोक थांबून राहतात. बांधकाम क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, पण बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे मंजुरी लागली तरी मांडव टाकून कुणी तुमचं म्हणणं ऐकायला येणार नाही. आपलं म्हणणं आपणच लेखी द्यायचं. आणि विस्तार टप्प्याटप्प्यानं होत असेल तर नुसत्या नव्या टप्प्याचं नाही, जुनं अधिक नवं अशी बेरीज विचारा.

मग ग्रामसभेचा उपयोग काय? उपयोग आहे. अर्जासोबत बहुतेक वेळा ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला जोडलेला असतो. तो मासिक सभेत पाच मिनिटांत मंजूर झालेला असतो आणि गावाला कळतो तेव्हा काम सुरू झालेलं असतं. ग्रामसभेनं अटींसह ठराव केला, तो इतिवृत्तात आला आणि त्याची प्रत तहसीलदार, नियोजन प्राधिकरण आणि प्रदूषण मंडळाला पोचपावतीसह गेली, तर पुढं कुणालाही "गावाची हरकत नव्हती" असं म्हणता येत नाही. वाद कोर्टात गेला तर हाच कागद कामाला येतो.

भूजलाचा कायदाही आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९, जो २०१४ पासून लागू झाला, त्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. टंचाईच्या काळात आसपासच्या विहिरींच्या उपशावर निर्बंध घालता येतात, खासगी विहीर अधिग्रहित करता येते. शेतकऱ्याची विहीर अधिग्रहित होते हे आपण दर उन्हाळ्यात पाहतो. पार्कची विहीर का होऊ नये, हा प्रश्न टंचाईच्या आढावा बैठकीत विचारायला कुणाची बंदी नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते. करमणुकीचं पाणी की पिण्याचं, हा प्रश्न कोर्टानं मनावर घेतल्याचं हे उदाहरण.

आजपासून करता येईल असं काम

सगळ्यात महत्त्वाचं काम फुकट आहे आणि पार्क वाढण्याआधीच करायचं आहे. आपल्या विहिरीची पातळी मोजा. दोरीला दगड बांधा, दर हाताला किंवा दर मीटरला गाठ मारा, कठड्यापासून पाण्यापर्यंत किती गाठी जातात ते बघा. आठवड्यातून एकदा, एकाच दिवशी, सकाळी पंप लावायच्या आधी. वहीत तारीख लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा, तारीख आपोआप राहते. गावातल्या चार-पाच विहिरी धरा, एक पार्कजवळची, एक लांबची. लांबचीही तेवढीच उतरली तर दोष पावसाचा. जवळचीच झपाट्यानं उतरली तर बोलायला आधार मिळतो. नंतर मोजायला सुरुवात केली तर पार्कचा वकील पहिला प्रश्न विचारेल, आधी पाणी किती होतं? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही वर्षातून ठरावीक महिन्यांत निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. तुमच्या जवळची निरीक्षण विहीर कुठली आणि तिच्या मागच्या दहा वर्षांच्या मे महिन्याच्या नोंदी काय, हे त्यांच्या जिल्हा कार्यालयात मिळतं.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. मोघम "सर्व माहिती द्या" असं लिहू नका, तसा अर्ज परत येतो. ग्रामपंचायतीकडे मागायचं ते ना हरकत दाखल्याची प्रत आणि ज्या सभेत तो दिला त्या सभेचं इतिवृत्त. प्रदूषण मंडळाकडे जुन्या आणि वाढीव क्षमतेच्या संमतीपत्राची प्रत. नियोजन प्राधिकरणाकडे मंजूर नकाशा आणि अटींचं पत्र. तीन कार्यालयं, तीन वेगळे अर्ज.

ठरावात घालायच्या अटी प्रत्येक गावानं आपापल्या परिस्थितीनुसार ठरवाव्यात. आमच्या मते दोन तरी हव्यातच. बोअर आणि विहिरीवर मीटर बसवून त्याचं महिन्याचं वाचन ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचं. आणि तालुक्यात टँकर सुरू झाला की पार्कनं उपसा किती कमी करायचा ते आकड्यात लिहून द्यायचं. "सहकार्य करू" असं नाही, लिटरमध्ये. ज्या पार्कनं छतावरचं पावसाचं पाणी साठवायची सोय केली आहे, टाक्या ऑक्टोबरमध्ये भरून घेतल्या आहेत, त्याला हे लिहून द्यायला अडचण येऊ नये.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लावावी लागते. वर्षातल्या ठरलेल्या सभांपैकी एक १ मे रोजी असते, ऐन टँकरच्या दिवसांत. त्या दिवशी कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला कोरमची अट नसते, मोजकी माणसं बसूनही ठराव होऊ शकतो. विषय पत्रिकेवर यावा म्हणून अर्ज आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या ग्रामसेवकाकडे द्या, आणि शिक्का मारलेली पोच घरी ठेवा.